शकुनाचं सूत

सुताराच्या घरात भुसा कितीही झाडला तरी संपत नाही. केरसुणी फिरवून पाठ वळवावी तर कोपऱ्यात पुन्हा मूठभर दिसतो. किश्शांचंही तसंच. माझी नातवंडं मध्येच म्हणतात, "आजोबा, देवासच्या कारखान्याची गोष्ट सांगा ना," आणि मी एक सांगायला घेतली की तिच्यामागे दुसरी निघते. हसतात पोरं. हसू देत. आम्हीही तेव्हा हसायचो, पण ते हसणं आमच्या घशाखाली नीट उतरत नसे.

कारखाना म्हणजे आमची ओसरीच. एका बाजूला सागाच्या फळ्या, मध्ये दादांचं कामाचं टेबल, रस्त्याकडून यायच्या वाटेशी माझी करवत. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. मी बापू. शाळा आम्हा दोघांनाही नाही. अक्षरं मला वहिनींनी शिकवली, तीही मोठेपणी, चुलीपुढे बसवून. म्हणून माझं लिहिणं सावकाश चालतं.

आमचे पणजोबा दरबाराबरोबर इकडे आले ते मेणे आणि पालख्या दुरुस्त करायला. देवासात तेव्हा गादी एक नव्हती, थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन होत्या. वडील सांगायचे, "आमच्या भिंतीवर दोन गज टांगलेले असायचे. एका पातीचं काम दुसरीच्या गजानं मोजलं असं कुणी म्हणायला नको." दोन गजांत फरक किती, असं मी एकदा विचारलं. वडील म्हणाले, "फरक काहीच नव्हता रे. पण टांगावे लागायचे दोन."

पुढे दोन्ही गाद्या गेल्या, गजही गेले, आणि फूट-इंच तेवढे राहिले. दादांजवळ पितळी सांध्यांची, घडीची फूटपट्टी होती. इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे सूत. दादांचा सगळा संसार त्या सुतावर चालायचा.

आणि आमच्या घरची एक रीत होती. देवळात आपण एकावन्न ठेवतो, पन्नास ठेवत नाही. तसंच कुठलंही माप पुरतं कापायचं नाही, वर एक सूत ठेवायचं. त्याला शकुनाचं सूत म्हणायचे. दादा म्हणत, "पुरतं माप फक्त तिरडीचं असतं."

* * *

नाना ओव्हरसियर मूळ धारचे. नोकरीनिमित्त देवासात खोली घेऊन राहायचे आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहाला यायचे. चौथे आमचे शेजारी भेरू लोहार. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या त्यांच्याकडच्या. आमची बैठक एवढीच.

नवे पैसे येऊन थोडे दिवस झाले होते. एक दिवस नाना आले आणि खिशातून कापडी टेप काढून टेबलावर ठेवली. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर.

"दादा, आता सरकारी काम सगळं या अंगानं होणार."

दादांनी टेप डोळ्यांजवळ धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"यात सूत कुठंय?"

"सूत नाही यात."

"मग लाकडाला कळणार कसं?"

नाना हसले नाहीत. त्यांनाही वरून हुकूम आलेला होता. ते म्हणाले, "उदयनगरच्या बाजूला शाळा बांधतायत. दारं हवीत. तुमचं नाव मी घालीन, पण माप या अंगाचं. आधी नमुन्याचं एक दार करून दाखवा."

तेव्हा ते काम आम्हाला फार हवं होतं. लोक इंदुराहून तयार दारं आणू लागले होते. वहिनींच्या भावाची इंदुरात लाकडाची वखार होती, यंत्राची करवत होती, आणि तो दर सणाला निरोप धाडायचा, दादांना पाठवून द्या म्हणून. दादांनी आयुष्यात दुसऱ्याच्या दारात रंधा मारला नव्हता. वहिनी दादांना काही बोलत नसत. मला मात्र एकदा म्हणाल्या, "बापू, ओसरीवरचा रंधा बंद पडला ना, तर हे जेवतील, झोपतील, पण घरात असणार नाहीत."

* * *

नमुन्याच्या दाराची रुंदी होती नव्वद सेंटिमीटर. दार दादा करणार, चौकट मी, आणि बाहेरून लावायची आडवी लोखंडी पट्टी भेरूंकडे.

नानांनी आम्हाला एकेकाला, ज्याच्या त्याच्या भाषेत समजावलं. दादांना म्हणाले, "एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर आणि थोडं." मला म्हणाले, "फूट म्हणजे तीस सेंटिमीटर आणि थोडं." भेरूंना म्हणाले, "मीटर म्हणजे आपला गज आणि थोडं."

आम्ही तिघांनीही ते थोडं सोडून दिलं. थोड्याचा हिशेब कोण करणार?

तीन दिवसांनी तिन्ही वस्तू अंगणात एकाजवळ एक ठेवल्या. दार चौकटीहून दीड इंच मोठं. पट्टी चौकटीहून चार-पाच बोटं आखूड. आणि मी केलेली चौकट भिंतीतल्या जागेत जाईना, ते निराळंच.

भेरू डोक्याला हात लावून बसले. "भिया, तीनों का नाप एक, ने तीनों की मुलाकात नी होय."

दादांनी दार आणि चौकट यांतल्या फरकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बापू, ते थोडं आपण सोडून दिलं होतं ना? हे बघ. सगळं इथंच जमलंय."

दार मोठं होतं म्हणून निभावलं. दादांनी रंध्यानं उतरवत आणलं, गवंड्यानं भिंत छिलली, भेरूंनी पट्टी नवी ठोकली. नमुना पास झाला. पण त्या दिवसापासून दादा झोपेतही सूत मोजायला लागले. वहिनींनीच सांगितलं.

* * *

टेप घरातच पडलेली असायची. वहिनींनी दादांची बंडी बेतायला एकदा ती उचलली. छातीवरून फिरवली, वाचली, पुन्हा फिरवली.

"अहो, एक्याण्णव भरली."

दादांची छाती छत्तीस. सगळ्या देवासला ठाऊक. मी म्हणालो, "वहिनी, उलटं अंग धरलंत."

"उलटं कसं? सरकारचं हेच सुलटं ना आता?" आणि दादांकडे बघून म्हणाल्या, "छाती एक्याण्णव झाली हो. आत माणूस तेवढाच."

दादा हसले. पण बंडी अंगात घालताना मी पाहिलं, हात आत घालून ते उगाच जरा थांबले, जागा जास्त झालीय का ते बघत.

* * *

नाना खूश होते. धारला त्यांच्या घरी वयस्कर आई, म्हणजे माई, एकट्या राहायच्या. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, धुरानं त्यांचे डोळे जात चालले होते. नानांनी दादांना सांगितलं, "एक खिडकी करा. रुंदी तीस, उंची चाळीस. भोक मी पाडून ठेवलंय."

दादांनी ठरवलंच होतं, आता नव्या मापाला नीट शिकायचं. फूटपट्टीला हातही लावला नाही. टेपच्या सरकारी अंगानं, एकेक रेघ मोजून, खिडकी केली. सुंदर केली. कडेला बारीक वेल कोरला. तीही सेंटिमीटरनंच.

देवासहून इंदूर, इंदुराहून धार, असा बसचा प्रवास. मी म्हणालो, "दादा, टपावर दोरीनं बांधू." दादा म्हणाले, "कशाला, माझ्या मांडीवर बसेल." आणि बसली. खिडकी मांडीवर बसते म्हणजे काहीतरी चुकलंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण आमचा आमच्या अंदाजावरचा विश्वासच उडाला होता. डोळ्यांना दिसेल ते खोटं आणि टेप म्हणेल ते खरं.

धारला माईंच्या स्वयंपाकघरात भिंतीला हे एवढं भोक. त्यापुढे दादांनी खिडकी धरली. ती त्या भोकात उभ्या केलेल्या पाटासारखी दिसली.

नाना कपाळावर हात मारून मटकन खाली बसले. कचेरीत दिवसभर सेंटिमीटर लिहिणारा माणूस. पण घराचं माप घेताना हात आपोआप इंचाकडे वळला होता.

माई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "नाना, ही खिडकी मांजरासाठी केलीस का रे?"

मग माईंनीच खिडकी हातात घेतली, वेलावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "राहू दे. देवांपुढे बसवते. देवांना कुठं धूर लागतो?"

माईंच्या स्वयंपाकघराला पुढे आम्ही मोठी खिडकी करून दिली. पण तोवर पाऊसकाळ आला होता, आणि माईंना धूर आणि धुकं यांतला फरक दिसेनासा झाला होता.

* * *

एकदा धारकडच्या बाग गावाहून कापड छापणारे एक खत्रीचाचा आले. छपाईला लाकडी टेबल हवं होतं. दादांनी विचारलं, "माप इंचात की त्या दुसऱ्यात?"

चाचांनी खिशातून सुती दोरी काढली. तीन गाठी. लांबी, रुंदी, उंची.

दादांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत एवढा उजळलेला पाहिला नव्हता. दोरीला इंच नाही, सेंटिमीटर नाही. धरा आणि कापा. दादा काम करताना गुणगुणत होते. वहिनी स्वयंपाकघरातून मला खुणेनं म्हणाल्या, ऐकलंत का?

टेबल बैलगाडीनं बसपर्यंत आणि बसच्या टपावरून बागला गेलं. आठ-पंधरा दिवसांनी चाचा परत आले. टेबल अर्धी वीत आखूड.

दादा पांढरे पडले. "दोरीनंच केलं हो चाचा. दोरी आहे अजून, बघा."

चाचांनी दोरी हातात घेऊन ओढली, हुंगली आणि तिथंच बसकण मारली. पहिल्यांदा माप घेऊन येताना नदीत उतरले होते, कपडे भिजले होते, खिशातली दोरीही भिजून वाळली होती.

"दादा, कपड़ा पानी में कितना सिकुड़ता है, उसका हिसाब तो हम बाप-दादा से रखते आए. डोरी का किसी ने रखा ही नहीं."

चाचा भला माणूस. टेबलाला टोकाला एक फळी जोडून घेतली आणि गेले. दादा मात्र संध्याकाळपर्यंत ती दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले होते. शेवटी भेरूंनी विचारलं, "कंई सोची रिया हो, दादा?"

"विचार करतोय," दादा म्हणाले, "अर्धी वीत कमी केलं मी. आणि त्यावर शकुनाचं एक सूत जास्त ठेवलं होतं. आठवणीनं."

* * *

त्यानंतर दादा थोड्याच्या मागेच लागले. नाना आले की पहिला प्रश्न तोच.

"नाना, सूत म्हणजे तीन मिलिमीटर आणि थोडं. ते थोडं किती?"

"फार बारीक, दादा. केसाएवढं धरा."

"मग मी शकुनाचं सूत ठेवीन तेव्हा तो केस कुठं ठेवू?"

"सोडून द्या हो. थोडं सोडल्यानं काय होतं?"

दादा म्हणाले, "नाना, दोन पात्या होत्या, त्या गेल्या. गज होता, तो गेला. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, थोडं सोडून द्या."

नानांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "दादा, मला तरी कुठं कळतंय? साहेब मीटरमध्ये विचारतो, गवंडी फुटात सांगतो. मी मध्ये उभा राहून दोघांशी खोटं बोलतो." आणि दादा-नानांत जे चाललं होतं ते भांडण नव्हतंच. एकाच खड्ड्यात पडलेली दोन माणसं एकमेकांना वरचा रस्ता विचारत होती.

* * *

शेवटी शाळेचं काम मिळालं. सगळी दारं आमची. नानांनी या वेळी काही अंदाजावर ठेवलं नाही. रात्रंदिवस बसून प्रत्येक दाराच्या प्रत्येक फळीचं माप कागदावर सेंटिमीटरात लिहून दिलं. थोड्यासकट. एका दाराला पाच फळ्या.

आम्ही जीव ओतून काम केलं. वहिनी घरातलं आवरून दारांना पॉलिश करायला यायच्या. भेरूंचा भाता सकाळपासून फुंकत असायचा. दादा प्रत्येक माप दोनदा बघायचे, मला वाचायला लावायचे आणि मगच करवतीला खूण द्यायचे. ओसरीवर पुन्हा पूर्वीसारखा आवाज होता. इंदुराहून निरोप आला तेव्हा वहिनींनी आतूनच सांगून टाकलं, "म्हणावं, यांना वेळ नाही."

दारं गाडीत भरून आम्ही उदयनगरच्या बाजूला गेलो. जंगलाचा रस्ता, धक्के, पण एका दाराला ओरखडा नाही. शाळेच्या चौकटी लोखंडी होत्या, इंदुराहून आलेल्या. तपासायला एक मोठे साहेब आले होते.

पहिलं दार लावायला घेतलं. जाईना. दुसरं, जाईना. साहेबांनी टेप लावली. प्रत्येक दार रुंदीला दीड सेंटिमीटर जास्त. सगळी दारं अगदी सारखी जास्त.

नानांनी आपला कागद काढला. कागद बरोबर. एकेक फळी मोजली. मग माझ्या लक्षात आलं, आणि दादांच्याही त्याच क्षणी आलं असावं, कारण ते दाराला पाठ टेकून खाली बसले.

पूर्वी फळीला माप नसायचं. माप दाराला. झाड जशी फळी देईल तशी घ्यायची, आणि सगळ्या दाराला मिळून शकुनाचं सूत एक. आता नानांनी प्रत्येक फळीला माप दिलं. आणि माप म्हटलं की ते पुरतं कापायचं नाही, ही आमची पिढीजात रीत. पाच फळ्या, पाच शकून.

दादा उठले. "साहेब, रंधा आणलाय. घटकाभर द्या. एकेक बसवून देतो."

साहेब वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "रंधा मारूनच बसवायचं असेल तर माप कशाला दिलं, मिस्त्री? आणि बिजागऱ्यांची भोकं सरकतील, ते?" त्यांचंही खरं होतं. लोखंडाची चौकट, तिला काय छिलणार?

दारं त्याच गाडीतून परत आली. येताना हाटपिपल्याला चहासाठी थांबलो. कुणी ओळखीचं म्हणालं, "वा, दारं घेऊन चाललात? कुणाचं घर?" दादा चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले.

* * *

दारं अंगणात भिंतीला टेकवून उभी केली. येणारा-जाणारा बघून जायचा. शेळ्या त्यांच्या सावलीत बसायच्या. दादा सकाळी उठून त्यांच्याकडे तोंड करून दात घासायचे.

भेरूंनी आठवडाभर दम धरला. मग एक दिवस राहवेना. "दादा, दरवज्जा तो घणा होई गया. अब मकान कां हे?"

दादा खूप हसले. इतके हसले की वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

* * *

दिवाळीनंतर दादांनी इंदूरला निरोप पाठवला, येतो म्हणून. वहिनींनी त्यांची पिशवी भरली. फूटपट्टी वर ठेवली होती, ती दादांनी काढून खुंटीला अडकवली.

ओसरीवर रस्त्याकडून यायची वाट उघडीच होती. तिला कधी दार नव्हतं. कारखाना कधी बंदच होत नसे. दादा म्हणाले, "बापू, हिला दार करू. मग जातो."

मी अंगणातलं एक दार आणायला निघालो. "ते नको. नवं करू."

राहिलेला साग काढला. दादांनी टेप घेतली, सरकारी अंग वर केलं आणि ओसरीची जागा मोजली. मला आकडा सांगितला. मी फळीवर खूण केली आणि सवयीनं पेन्सिल शकुनाच्या सुतासाठी पुढे सरकवली.

दादांनी माझा हात धरला. "याला नको. पुरतं काप."

मी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं. मी कापलं.

दार संध्याकाळपर्यंत झालं. भेरूंनी कडी आणली, ठोकून दिली. रंधा काढावाच लागला नाही. दादांनी एका हातानं दार ढकललं आणि ते आवाज न करता जागेवर जाऊन बसलं. फटीतून उजेडसुद्धा येईना.

नाना तेवढ्यात आले. त्यांनी टेप लावली, खाली वाकून बघितलं, वर बघितलं, पुन्हा लावली.

"दादा, बरोब्बर. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही."

दादा म्हणाले, "आणि ते थोडं?"

नानांनी टेप गुंडाळली. सावकाश गुंडाळली, शेवटच्या टोकापर्यंत.

"नाही, दादा," ते म्हणाले. "थोडंसुद्धा उरलं नाही."